चौघांचा हुद्दा

सर्बियाच्या सैन्यात एक हुद्दा असा होता, जो शांततेच्या काळात कुणालाच मिळू शकत नसे. सेवेची वर्षे कितीही भरोत, राजाची मर्जी कितीही असो, जनरलच्या वरची ती पायरी युद्ध पेटल्याशिवाय कुणासाठी उघडत नसे. युद्ध पेटले तरी ती आपोआप हाती येत नसे. त्यासाठी रणांगणावर मोठे काही करून दाखवावे लागे. या हुद्द्याचे नाव वोयवोदा. इतर देशांच्या सैन्यांत ज्याला फील्ड मार्शल म्हणतात, त्याच्या तोडीचा हा मान. 1901 साली सर्बियात सैन्याच्या रचनेचा नवा कायदा झाला, त्यात तो निर्माण झाला. त्यानंतर चार सेनानींना तो मिळाला: रादोमीर पुतनिक, स्तेपा स्तेपानोविच, झिवोयिन मिशिच आणि पेतार बोयोविच. पाचवा सर्ब त्या यादीत कधीच आला नाही.

हे बिरुद मात्र कायद्याहून पुष्कळ जुने. मध्ययुगातल्या सर्ब सरदारांना ते असे, मॉन्टेनेग्रोच्या डोंगराळ टोळ्यांचे नायक ते लावत, आणि पुढे गनिमी तुकड्यांचे म्होरकेही स्वतःला वोयवोदा म्हणवून घेत. त्यामुळे बाल्कनचा इतिहास वाचताना हे नाव जागोजागी भेटते आणि वाचकाचा गोंधळ उडतो. या प्रकरणात वोयवोदा म्हणजे केवळ त्या कायद्याने ठरवलेला, राजाच्या हुकुमाने मिळणारा सैन्यातला हुद्दा. चौघांपैकी प्रत्येकाची कथा सांगण्याजोगी आहे, पण मी मुख्यत्वे पहिल्याची सांगणार आहे. हा मान पुतनिकला प्रथम मिळाला हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या निर्णयासाठी हा सेनापती लक्षात राहायला हवा, त्या निर्णयाबद्दल त्याला कोणताही हुद्दा मिळाला नाही. तो मिळाला त्याच्या हाताखालच्या माणसाला.

रादोमीर पुतनिकचा जन्म 1847 साली क्रागुयेवात्स येथे झाला. वडील शाळामास्तर. घराणे मूळचे कोसोवोकडचे. तुर्की राजवटीतून ते ऑस्ट्रियाच्या हद्दीत गेले आणि पुढे सर्बियात परतले. रादोमीर तोफखान्याच्या शाळेतून 1863 साली अधिकारी होऊन बाहेर पडला. 1876 ते 1878 च्या तुर्कांविरुद्धच्या लढायांत आणि 1885 च्या बल्गेरियाविरुद्धच्या युद्धात त्याने भाग घेतला. त्यानंतर तो सैनिकी अकादमीत शिकवू लागला. इथेच त्याच्या स्वभावाचा पहिला ठळक पुरावा सापडतो. राजा मिलानच्या मर्जीतला एक उमेदवार अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसला होता. पुतनिकने त्याला उत्तीर्ण करायला नकार दिला आणि राजाचा रोष ओढवून घेतला, असे सांगतात. तो रॅडिकल पक्षाकडे झुकलेला आहे असाही दरबाराला संशय होताच. 1890 च्या दशकाच्या मध्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याला सक्तीने घरी बसवण्यात आले.

तिथेच त्याची कारकीर्द संपली असती. पण जून 1903 मध्ये सैन्यातल्या कटवाल्या अधिकाऱ्यांनी राजा अलेक्झांडर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा यांची राजवाड्यात हत्या केली. ओब्रेनोविच घराणे संपले आणि काराजॉर्जेविच घराण्याचा पेतार गादीवर आला. ही घटना भीषण होती, तिने साऱ्या युरोपला हादरा दिला आणि तिची सावली सर्बियाच्या राजकारणावर पुढची कित्येक वर्षे राहिली. जुन्या राजाने दूर सारलेल्यांना मात्र नव्या राजवटीने परत बोलावले. पुतनिक जनरल झाला आणि सैन्याच्या मुख्यालयाचा प्रमुखही. पुढच्या काही वर्षांत तो तीन वेळा युद्धमंत्री होता.

हे दशक वाचताना युद्धाच्या कथा शोधणारा माणूस कंटाळतो, पण सर्बियाचे पुढचे सगळे विजय इथे घडले. पुतनिकने जुन्या अधिकाऱ्यांना निवृत्त केले, तरुणांना पुढे आणले, लामबंदीच्या योजना नव्याने आखल्या. माणसे निवडण्याची त्याची नजर पक्की होती. त्याने उचललेला सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे झिवोयिन मिशिच. स्त्रुगानिक नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचे हे तेरावे अपत्य, लहानपणी गुरे राखलेले. मिशिचलाही राजकारणापायी निवृत्त व्हावे लागले होते. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केल्यावर युद्धाचे ढग जमले, तेव्हा पुतनिकने आग्रह धरून 1909 मध्ये त्याला परत आणले आणि आपला मदतनीस केले. दोघांचे स्वभाव निराळे होते. पुतनिक अबोल, शिस्तीचा आणि कागदावर विचार करणारा. मिशिचला जमिनीची आणि शिपायाच्या मनाची जाण अधिक.

ऑक्टोबर 1912 मध्ये सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि मॉन्टेनेग्रो यांनी मिळून तुर्कांवर चाल केली. पुतनिकची योजना सुरेख होती. निर्णायक लढाई ओव्चे पोल्ये या पठारावर होईल, तिथे तुर्कांच्या वार्दार सैन्याला तीन सर्ब सैन्यांनी तिन्ही बाजूंनी वेढायचे, असे त्याने ठरवले होते. तुर्की सेनापती झेकी पाशा मात्र तिथे थांबून राहिला नाही. तो पुढे आला आणि 23 ऑक्टोबरला कुमानोवोजवळ युवराज अलेक्झांडरच्या पहिल्या सैन्यावर तुटून पडला. वेढ्यासाठी निघालेली बाकीची सैन्ये अजून दूर होती. पहिल्या दिवशी ही केवढी लढाई आहे याचा सर्वोच्च मुख्यालयाला नीट अंदाजही नव्हता. खालच्या अधिकाऱ्यांनी आणि शिपायांनी दोन दिवस ती पेलली आणि जिंकली. तुर्कांची फळी मोडली आणि काही दिवसांतच सर्ब सैन्य स्कोप्येत शिरले. 1389 च्या कोसोवोच्या लढाईची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या लोकांना हा विजय केवढा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

कुमानोवोनंतर लगेच पुतनिक सर्बियाचा पहिला वोयवोदा झाला. यात एक विसंगती आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या लढाईबद्दल हा मान मिळाला ती त्याच्या योजनेबाहेर, त्याच्या अपेक्षेबाहेर आणि बऱ्याच अंशी त्याच्या नियंत्रणाबाहेर झाली. म्हणून काही इतिहासकार त्याचे श्रेय कमी करतात. मला ते पटत नाही. योजना फसली तरी सैन्य फसले नाही, आणि हे सैन्य नऊ वर्षे खपून त्यानेच उभे केले होते. वरून हुकूम आला नाही तरी काय करायचे हे ज्या सैन्यातल्या कॅप्टन-मेजरांना कळते, ते सैन्य कुणीतरी तसे घडवलेले असते.

पुढच्याच वर्षी मित्रांचे शत्रू झाले. लुटीच्या वाटणीवरून जून 1913 च्या अखेरीस बल्गेरियाने रातोरात सर्बांवर हल्ला केला. ब्रेगालनित्सा नदीकाठी सर्ब तुकड्या मागे रेटल्या जात होत्या. दुसऱ्या फळीपर्यंत मागे यावे, असे मुख्यालयातल्या बहुतेकांचे मत होते. मिशिच म्हणाला, मागे यायचे नाही, पहिल्याच फळीवर त्यांना रोखायचे. पुतनिकने मिशिचचे ऐकले. लढाई जिंकली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण जवळजवळ दीड वर्षाने हीच दोन माणसे पुन्हा अशाच प्रसंगात समोरासमोर येणार होती आणि त्या वेळी मिशिच नेमके उलटे मागणार होता.

1914 च्या उन्हाळ्यात पुतनिक सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याची फुप्फुसे खराब झाली होती. धाप लागे, थंडी सोसत नसे. उपचारासाठी तो ऑस्ट्रियातल्याच बाड ग्लायखेनबेर्ग या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेला होता. तो तिथे असतानाच साराजेवोला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या झाली, पाठोपाठ सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला. 25 जुलैला, खलित्याची मुदत संपली त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर बुडापेस्टमध्ये पुतनिकला अटक झाली. शत्रूचा सेनापती युद्ध सुरू होण्याआधीच आयता हाती लागला होता. पण सम्राट फ्रान्झ योजेफने त्याला सन्मानाने सोडून द्यायला सांगितले. जुन्या जगाच्या सौजन्याचा हा कदाचित शेवटचा मोठा नमुना असावा. पुढच्या पाच महिन्यांत ऑस्ट्रियाच्या सेनानींनी या सौजन्याबद्दल मनात काय म्हटले असेल, याची कल्पना वाचकच करू शकेल.

इकडे बेलग्रेडमध्ये वेगळीच पंचाईत झाली होती. युद्धाच्या योजना पुतनिकच्या तिजोरीत होत्या आणि किल्ल्या त्याच्याजवळ. त्याच्या जागी काम पाहणाऱ्या स्तेपा स्तेपानोविचच्या माणसांना तिजोरी सुरुंगाने फोडावी लागली. स्तेपाने लामबंदी पार पाडली. रुमानियाच्या वाटेने पुतनिक ऑगस्टच्या सुरुवातीला क्रागुयेवात्सच्या मुख्यालयात पोहोचला, तेव्हा सैन्य उभे राहत होते. प्रकृतीचे कारण देऊन त्याने राजीनामा पुढे केला, तो स्वीकारला गेला नाही. त्यानंतर हा म्हातारा सेनापती बहुतेक वेळ शेगडीने तापवलेल्या खोलीत बसून युद्ध चालवत होता. रोजच्या हालचाली त्याने सैन्यप्रमुखांवर सोडल्या आणि स्वतःकडे फक्त मोठे निर्णय ठेवले. आजाराने लादलेली ही कामाची वाटणी सर्बियाच्या पथ्यावरच पडली, असे मला वाटते.

ऑस्ट्रियाचा सेनापती ओस्कार पोतियोरेक पश्चिमेकडून द्रिना नदी ओलांडून आला. पुतनिकचा अंदाज मुख्य हल्ला उत्तरेकडून होईल असा होता. पण शत्रू कुठूनही आला तरी वळता यावे म्हणून त्याने सैन्ये देशाच्या मध्यभागी राखून ठेवली होती, आणि ती सावधगिरी कामाला आली. स्तेपा आपले दुसरे सैन्य घेऊन दिवसरात्र कूच करत त्सेर पर्वताकडे धावला. 15 ऑगस्टच्या रात्री पावसापाण्यात, अंधारात तिथे लढाई जुंपली. चार दिवसांनी ऑस्ट्रियन सैन्य द्रिनेकडे पळत होते. पहिल्या महायुद्धात दोस्तांचा हा पहिला विजय. स्तेपा वोयवोदा झाला आणि स्तानिस्लाव बिनिच्की या संगीतकाराने या लढाईवर रचलेली ‘मार्श ना द्रिनू’ ही कूचधून आजही सर्बियात वाजते. माच्वा भागातून माघार घेताना ऑस्ट्रियन तुकड्यांनी बायकापोरांसकट शेकडो गावकऱ्यांना ठार मारले. ते पुरावे गोळा करायला सर्ब सरकारने स्वित्झर्लंडहून आर्चिबाल्ड राइस या गुन्हेशास्त्रज्ञाला बोलावले. तो पुढे सर्बियातच राहिला.

आता नोव्हेंबर. पोतियोरेक तिसऱ्यांदा आला आणि या वेळी त्याला रोखता येईना. सर्बांच्या तोफांना गोळे नव्हते. दोन बाल्कन युद्धांत भांडार आटले होते आणि दोस्तांची मदत येता येत नव्हती. थंडी पडली, चिखल झाला, पायात चामड्याच्या साध्या वहाणा. ज्यांची गावे शत्रूच्या हाती गेली ते शिपाई रात्री निसटून घराकडे जाऊ लागले. 15 नोव्हेंबरला वाल्येवो पडले. सप्टेंबरमध्ये जखमी झालेल्या पेतार बोयोविचच्या जागी मिशिचला पहिल्या सैन्याची धुरा नुकतीच मिळाली होती. अधिकाऱ्यांची इतकी वाण पडली होती की स्कोप्येत प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे 1,300 विद्यार्थ्यांना कॉर्पोरल करून आघाडीवर धाडले गेले. सर्बियात आजही ते ‘1,300 कॉर्पोरल’ या नावानेच ओळखले जातात. देशाचे उद्याचे वकील, शिक्षक, अभियंते त्यात होते. पुष्कळसे परतलेच नाहीत.

मिशिचचे सैन्य सुवोबोरच्या डोंगरावर होते. एकेक कडा लढवत, रोज थोडे मागे सरत ते झिजत चालले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिचने ठरवले की हे असे चालणार नाही. त्याला एकदम, मोठ्या अंतराने मागे यायचे होते, थेट गोर्नी मिलानोवात्सजवळच्या फळीपर्यंत. शत्रूशी संपर्क तोडायचा. माणसांना काही दिवस झोप, गरम अन्न आणि डोक्यावर छप्पर द्यायचे. फळी आखूड करायची. शत्रू मागे येईल तसा त्याचा रसदीचा रस्ता बर्फाच्या डोंगरातून लांबत जाईल आणि मग उलटून मारायचे.

पुतनिकने विरोध केला आणि त्याचा विरोध अगदी योग्य होता. पहिले सैन्य इतके मागे आले की शेजारच्या सैन्यांची बगल उघडी पडत होती. त्यांनाही मागे यावे लागणार होते, आणि सगळी फळी मागे आली की बेलग्रेड सोडून द्यावे लागणार होते. राजधानी लढाईशिवाय शत्रूला द्यायची! कोणता मुख्य सेनापती सहज हो म्हणेल? टेलिफोनवर दोघांचा वाद झाला. मिशिच हटला नाही. आपल्या सैन्याची हालत आपण पाहतो आहोत, जबाबदारी आपण घेतो, असे तो म्हणत राहिला. पुतनिक वोयवोदा होता, मिशिच जनरल. एका हुकुमात पुतनिक त्याला पदावरून दूर करू शकला असता. त्याने तसे केले नाही. तो पुन्हा विचारात पडला आणि मिशिचचे म्हणणे त्याने मान्य केले. शेजारच्या सैन्यांना माघारीचे आणि बेलग्रेड रिकामे करण्याचे हुकूम सुटले.

पुतनिकच्या उभ्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय म्हणून मी हाच सांगेन. तापवलेल्या खोलीत, नकाशासमोर, श्वास पुरत नसताना त्याने हे ओळखले की सैन्य आपल्या नव्हे तर त्या डोंगरावरच्या माणसाच्या डोळ्यांना दिसते आहे. राजधानी गमावण्याचा ठपका मात्र इतिहासात मुख्य सेनापतीवरच येणार होता. तो त्याने पत्करला. ब्रेगालनित्सेला त्याने मिशिचचे ‘मागे येऊ नका’ हे ऐकले होते, सुवोबोरला ‘मागे या’ हे ऐकले. दोन्ही वेळा त्याने मत तपासले ते सैन्याची अवस्था पाहून. आपला मान त्याने आड येऊ दिला नाही.

2 डिसेंबरला ऑस्ट्रियन सैन्य बेलग्रेडमध्ये शिरले. त्या दिवशी सम्राट फ्रान्झ योजेफच्या राज्यारोहणाला 66 वर्षे पूर्ण होत होती आणि पोतियोरेकने शहर सम्राटाला नजर केल्याचा संदेश मोठ्या दिमाखात पाठवला. युद्ध संपले असे त्याला वाटत होते. त्याने पाचव्या सैन्याचा मोठा भाग बेलग्रेडकडे वळवला होता. उरलेली माणसे डोंगरात थकून, उपाशी, थंडीने गारठून पडली होती. आणि त्याच दिवसांत सर्बांना गोळे मिळाले. ग्रीसच्या सालोनिका बंदरातून रेल्वेने दारूगोळा आला. काही गोळे सर्ब तोफांच्या मापाचे नव्हते, ते क्रागुयेवात्सच्या शस्त्रागारात दुरुस्त करून आघाडीवर गेले. सत्तर वर्षांचा राजा पेतार खंदकांत येऊन उभा राहिला. ज्यांना घरी जायचे असेल त्यांना शपथेतून मोकळे करतो, मी इथेच राहणार, असे तो शिपायांना म्हणाला, असे सांगतात.

3 डिसेंबरच्या पहाटे मिशिचने हल्ला चढवला. काही दिवस विश्रांती घेतलेले, पोटभर जेवलेले आणि आपल्या मागून पुन्हा आपल्याच तोफा गर्जताहेत हे ऐकणारे शिपाई एकदम बदलले होते. दोन-तीन दिवसांत सुवोबोर परत आले. ऑस्ट्रियन सैन्य डोंगरातून कोसळत खाली गेले. मिशिच लढाईच्या धामधुमीतच वोयवोदा झाला. 15 डिसेंबरला सर्ब बेलग्रेडमध्ये परतले. शहर शत्रूच्या हाती अवघे तेरा दिवस राहिले. 40,000 हून अधिक कैदी सापडले. वर्षभरात सर्बियावर पाठवलेल्या सुमारे साडेचार लाख सैनिकांपैकी ऑस्ट्रिया-हंगेरीने जवळजवळ निम्मे ठार, जखमी, आजारी किंवा कैदी म्हणून गमावले. पोतियोरेकला पदावरून दूर करण्यात आले. पण कोलुबाराची लढाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या एकट्या लढाईत सर्बियाचेही सुमारे 22,000 जण ठार झाले, आणि सुमारे 45 लाख वस्तीच्या देशाला हे न परवडणारे होते.

दोब्रित्सा चोसिच या कादंबरीकाराने साठ वर्षांनी या हिवाळ्यावर ‘व्रेमे स्मर्ती’ ही अनेक खंडांची कादंबरी लिहिली. तिच्या केंद्रस्थानी मिशिच आहे. साहित्यात असे होणे स्वाभाविक आहे. बंड करणारा सेनानी कथेला हवा असतो आणि त्याचे ऐकून घेणारा वरिष्ठ कथेत कडेला राहतो.

त्यानंतर जे आले ते कोणत्याही सेनापतीच्या आवाक्यातले नव्हते. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात देशभर टायफसची साथ पसरली. उवांतून पसरणारा हा ज्वर कैदी, जखमी आणि निर्वासितांच्या गर्दीत वणव्यासारखा फैलावला. दीड लाखाहून अधिक माणसे मेली. साऱ्या सर्बियात 400 सुद्धा डॉक्टर नव्हते आणि त्यांतले शंभराहून अधिक या साथीत गेले. स्कॉटलंडहून आलेल्या स्त्री डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पथकांनी इथे जे काम केले, त्याबद्दल सर्ब माणूस आजही कृतज्ञतेने बोलतो.

सप्टेंबर 1915 मध्ये बल्गेरिया लामबंदी करू लागला. तो शत्रूच्या बाजूने उतरणार हे पुतनिकला दिसत होते. त्याची तयारी पुरी होण्याआधीच त्याच्यावर चालून जाण्याची परवानगी सर्बियाने मागितली. ब्रिटन आणि फ्रान्सने नकार दिला, कारण बल्गेरियाला वाटाघाटींनी वळवता येईल असे त्यांना वाटत होते. हा नकार सर्बियाला अतिशय महागात पडला. ऑक्टोबरमध्ये जर्मन सेनापती माकेन्झेनच्या हाताखाली जर्मन आणि ऑस्ट्रियन सैन्ये उत्तरेकडून आली, एका आठवड्याने बल्गेरियन पूर्वेकडून. सालोनिकाकडे जाणारी वाट बल्गेरियनांनी कापली. पुतनिकने सैन्य कोसोवोपर्यंत मागे आणले आणि 25 नोव्हेंबरला अखेरचा हुकूम निघाला: शरण जायचे नाही, अल्बानियाचे आणि मॉन्टेनेग्रोचे पर्वत ओलांडून समुद्र गाठायचा.

भर हिवाळ्यात, बर्फातल्या पायवाटांनी, सैन्य, राजा, सरकार आणि हजारो निर्वासित चालू लागले. तोफा गाडून किंवा फोडून टाकाव्या लागल्या. भुकेने, थंडीने, टोळ्यांच्या हल्ल्यांनी किती मेले याची नेमकी गणती कधीच झाली नाही. पुतनिकला आता चार पावलेही चालवत नव्हते. त्याच्यासाठी लाकडाची बंदिस्त खुर्ची केली आणि शिपाई पाळीपाळीने ती खांद्यावर घेऊन डोंगर चढले. त्यांनी त्याला अल्बानियातल्या श्कोडरपर्यंत पोहोचवले. ज्या शिपायांना स्वतःचे शरीर ओढणे जड झाले होते, त्यांनी हे ओझे वाहिले. पुतनिकला सैन्यात काय मान होता हे समजायला मला तरी दुसरा पुरावा लागत नाही.

उरलेले सैन्य, सुमारे दीड लाख माणसे, दोस्तांच्या जहाजांनी ग्रीसच्या कॉर्फू बेटावर आणले गेले. शेजारच्या विदो या छोट्या बेटावर आजाऱ्यांची छावणी होती. तिथे इतके मेले की जमीन पुरेना, प्रेते समुद्रात सोडावी लागली. त्या पाण्याला सर्ब निळी कबर म्हणतात.

आणि मग जानेवारी 1916 मध्ये सर्वोच्च मुख्यालयातले सगळेच बदलण्यात आले. पराभवाला कुणीतरी जबाबदार हवा होता. पुतनिकचे पद गेले, त्याच्या जागी बोयोविच आला. पगार घेताना मुख्यालयप्रमुखाचा भत्ता कमी मिळाला, तेव्हा रोखपालाकडून आपल्याला काढल्याचे पुतनिकला कळले, असे सांगितले जाते. हे खरे असेल तर सर्बियाच्या सरकारला त्याची लाज वाटायला हवी होती. पद एका कागदाने जाते. वोयवोदा हा हुद्दा मात्र तसा काढून घेता येत नव्हता. तो घेऊन पुतनिक फ्रान्समध्ये नीस येथे गेला. 17 मे 1917 रोजी तिथेच तो वारला. त्याचा देश तेव्हा अजून शत्रूच्या ताब्यात होता. त्याच्या अस्थी 1926 साली बेलग्रेडला आणल्या गेल्या. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतराजीतल्या एका शिखराला त्याचे नाव आहे.

तिन्ही उरलेल्या वोयवोदांची अखेर थोडक्यात सांगतो. कॉर्फूवरून पुन्हा उभे राहिलेले सर्ब सैन्य सालोनिकाच्या आघाडीवर गेले. सप्टेंबर 1916 मध्ये त्याने 2,500 मीटरहून उंच असलेले कायमाकचालान शिखर चढून जिंकले. 1918 च्या जूनमध्ये बोयोविच मतभेदांमुळे मुख्यालयाच्या प्रमुखपदावरून दूर झाला आणि त्याने पुन्हा आपले जुने पहिले सैन्य हाती घेतले. मिशिच प्रमुख झाला. 15 सप्टेंबरला दोब्रो पोल्ये येथे बल्गेरियनांची फळी फुटली. दोन आठवड्यांत बल्गेरिया शरण आला आणि 1 नोव्हेंबरला बोयोविचचे सैन्य बेलग्रेडमध्ये शिरले. या मोहिमेत सर्वोच्च पद सोडलेला बोयोविच सर्वोच्च हुद्द्यावर पोहोचला. दोस्त सैन्यांचा फ्रेंच सरसेनापती फ्रांशे देस्पेरे यालाही पुढे मानद वोयवोदा करण्यात आले.

मिशिच जानेवारी 1921 मध्ये बेलग्रेडला वारला. स्तेपा निवृत्तीनंतर चाचाकला साधेपणाने राहिला आणि 1929 मध्ये गेला. बोयोविचने युगोस्लाव्हियाचा जन्म पाहिला, 1941 मध्ये जर्मनांनी बेलग्रेड घेतलेले पाहिले, आणि शहर पुन्हा मोकळे झाल्यावर तीन महिन्यांनी, जानेवारी 1945 मध्ये त्याने डोळे मिटले. युगोस्लाव्हियाच्या नव्या सैन्यात मार्शल हा हुद्दा आला, तो टिटोचा. वोयवोदा हा हुद्दा त्यानंतर कुणालाही मिळाला नाही.